शहराचा ओढा, गावाची विहीर

पुण्याच्या दक्षिणेस कात्रजचा घाट आहे, आणि त्या घाटाच्या उतारावरून एक ओढा शहराकडे येतो. त्याचे नाव आंबील ओढा. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरात आणले. पर्वतीच्या पायथ्याशी याच ओढ्याच्या पाण्यावर एक तळे केले, आणि त्या तळ्यात पुढे गणपती बसला. आज तिथे सारसबाग आहे. तळे गेले, पण जुने लोक अजून त्याला ‘तळ्यातला गणपती’च म्हणतात. सांगायचे एवढेच की, हा ओढा एके काळी शहराला पाणी पाजणारा होता.

आज दांडेकर पुलावर उभे राहून खाली पाहिले, तर पाणी काळे दिसते आणि हात आपोआप नाकाकडे जातो. पुण्यातच नागझरी आहे, भैरोबा नाला आहे. मुंबईत मिठी आहे, नागपुरात खुद्द शहराला नाव देणारी नाग नदी आहे. सगळ्यांची कथा थोड्याफार फरकाने हीच. ओढा होता, त्याचा नाला झाला, आणि नाल्याचे गटार झाले.

मी कॉलेजात भूगोल शिकवतो. नदी कुठे उगम पावते, कुठे मिळते, हे सांगणे माझा रोजचा धंदा. म्हणून आज मी तुम्हाला हेच विचारणार आहे की, हे गटाराचे पाणी पुढे जाते कुठे? तुम्ही म्हणाल, शहरवाल्यांची घाण, शहरवाल्यांनी पाहावी. आम्ही खेड्यातले लोक, आम्हाला काय त्याचे? तर पाहा. आंबील ओढा मुठेला मिळतो. मुठा संगमावर मुळेला मिळते. मुळा-मुठा थेऊरच्या चिंतामणीजवळून, हवेली आणि दौंड तालुक्यांतल्या ऊसमळ्यांना नि भाजीच्या वाफ्यांना पाणी देत, रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते. भीमा उजनीच्या धरणात जाते, आणि उजनीचे पाणी सोलापूर पिते. शहर वरच्या अंगाला आहे आणि गाव खालच्या अंगाला. पाण्याला एवढेच कळते.

आता पहिली गोष्ट. ओढ्याला घाण वास येतो, म्हणून तो रोगट आहे, असे आपण समजतो. हे अर्धेच खरे आहे, आणि ते अर्धे सत्य फार महागात पडलेले आहे. कुणाला पडले, ते सांगतो.

एकोणिसाव्या शतकात लंडन शहरातही असेच ओढे होते. फ्लीट नावाची एक छोटी नदी होती, तिचे गटार झाले आणि शेवटी तिच्यावर रस्ता बांधून तिला झाकून टाकले. त्या काळी मोठमोठ्या डॉक्टरांचेही मत असे होते की, रोग दुर्गंधीतून येतो. हवा कुजते आणि माणूस पटकीने मरतो. मग उपाय काय? तर घराघरांखालचे शोषखड्डे बंद करा आणि सगळा मैला गटारांवाटे थेम्स नदीत सोडा. घरातला वास गेला, पण पुष्कळ लोक पिण्याचे पाणी त्याच थेम्सचे पीत होते. १८४८-४९ च्या साथीत एकट्या लंडनमध्ये चौदा हजारांवर माणसे पटकीने दगावली. वास घालवला आणि रोग प्यायले, असा तो प्रकार झाला.

पुढे १८५४ मध्ये पुन्हा साथ आली, तेव्हा जॉन स्नो नावाच्या डॉक्टराने एक साधे पण कष्टाचे काम केले. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्या नळाने पाणी देत. एकाच गल्लीत एका घरात हिचे, शेजारच्या घरात तिचे. हवा दोघांना तीच, वासही तोच. फरक एवढाच की, एका कंपनीने १८५२ साली आपली पाणी उचलण्याची जागा शहराच्या वर, स्वच्छ पात्रात हलवली होती. दुसरी अजून शहराच्या आतूनच, मैला मिसळलेले पाणी उचलत होती. स्नोने दारोदार जाऊन कोणत्या घरात कुणाचे पाणी नि किती मेले, हे मोजले. पहिल्या सात आठवड्यांत, दर दहा हजार घरांमागे, वरचे पाणी पिणाऱ्यांत ३७ मृत्यू, आणि खालचे पाणी पिणाऱ्यांत ३१५. पटकीचा जंतू त्या वेळी वैद्यकात मान्य झालेला नव्हता. कोख या जर्मन शास्त्रज्ञाने तो कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात दाखवला, त्याला आणखी तीस वर्षे जायची होती. पण कुणाचे पाणी वरून येते नि कुणाचे खालून, एवढ्या भूगोलावर स्नोने रोगाची वाट शोधून काढली. विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण दरवर्षी सांगतो, आणि दरवर्षी एखादा तरी विचारतो, “सर, हे परीक्षेला आहे का?” असो.

ती वाट कोणती? पटकी, विषमज्वर म्हणजे आपला टायफाईड, आव, हगवण, हे सगळे रोग माणसाच्या आतड्यातून निघतात आणि दुसऱ्या माणसाच्या तोंडात जातात. मधला प्रवास पाण्याने होतो, हाताने होतो, माशीने होतो. त्यात शहरातला ओढा म्हणजे हमरस्ता. हजारो घरांचे आतडे आणि खालच्या गावांचे तोंड यांना जोडणारा.

पण जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, आणि प्रत्येक रोगाचा जंतू पाण्यात शोधत बसायचे म्हटले तर प्रयोगशाळेत वर्ष जाईल. म्हणून शास्त्रज्ञांनी एक युक्ती केली. १८८५ साली एशरिश नावाच्या डॉक्टरांना लहान मुलांच्या विष्ठेत एक जंतू सापडला. त्याला आज त्यांच्याच नावाने ई. कोलाय म्हणतात. माणसाच्या आणि गुराढोरांच्या आतड्यात हा कोट्यवधींनी असतो. त्याच्या काही जाती त्रासदायक आहेत, पण बहुतेक गरीब स्वभावाच्या. मग त्याला शोधायचे कशाला? तर शेतात सकाळी रानडुकराचा पाय उमटलेला दिसला, की डुक्कर दिसले नाही तरी आपण ओळखतो, रात्री येऊन गेले. तसा हा पाय आहे. पाण्यात ई. कोलाय सापडला, म्हणजे त्या पाण्यात विष्ठा येऊन गेली. आणि विष्ठा आली त्या वाटेने विषमज्वरही येऊ शकतो. पिण्याच्या पाण्याचा आपल्या देशातला नियम असा आहे की, १०० मिलिलिटर पाण्यात, म्हणजे साधारण एका कपात, हा एकही सापडता कामा नये. आंघोळीसाठी नदी योग्य ठरवताना मात्र थोडी सवलत आहे. विष्ठेतल्या या जातीचे जंतू १०० मिलिलिटरला ५०० च्या आत असावेत, आणि फार झाले तर २५००.

आता गणित करू. गुरुजी लोकांनी हे फळ्यावर मांडावे, मुलांना आवडेल. कच्च्या मैलापाण्यात हे जंतू १०० मिलिलिटरला दहा लाखांपासून कोटीपर्यंत असतात. समजा, एक कोटी आहेत. शहराने शुद्धीकरण केंद्र बांधले आणि त्याने शेकडा ९९ जंतू काढले. वर्तमानपत्रात बातमी येईल, ‘नव्व्याण्णव टक्के शुद्ध’. उरले किती? एक लाख. आंघोळीची कमाल मर्यादा अडीच हजार. म्हणजे नव्व्याण्णव टक्के शुद्ध झालेले पाणीसुद्धा आंघोळीच्या मर्यादेच्या चाळीसपट वर राहते. त्यावर पुन्हा क्लोरीन किंवा अतिनील किरणांचा हात फिरवावा लागतो. आणि हे कशाचे? तर जे पाणी केंद्रापर्यंत पोहोचले त्याचे. जे केंद्रापर्यंत न जाता ओढ्यातून थेट नदीत गेले, ते तर एक कोटीचे एक कोटीच. पुण्यात २०१६ साली जपानच्या अर्थसाहाय्याने अकरा नवी केंद्रे बांधण्याचा करार झाला. तो झाला हे चांगलेच झाले. पण केंद्र कितीही उत्तम असले तरी घराची मोरी त्याला जोडलेली नसेल, तर ते कोरड्या विहिरीवरच्या मोटेसारखे. माझे मत विचाराल तर ओढ्याच्या काठाला सिमेंटची भिंत, वर फरशी आणि बाके, याला जो सुशोभीकरण म्हणतात, त्याच्या आधी जमिनीखालची नळजोडणी व्हायला हवी. ती कुणाला दिसत नाही, म्हणून तिचे उद्‌घाटनही होत नाही.

तुम्ही म्हणाल, वाहत्या पाण्याला दोष नाही, असे आमचे वडीलधारे सांगत आले. त्यात तथ्य आहे बरे का. वाहत्या, उथळ, उन्हातल्या पाण्यात जंतू मरतात. सूर्याचे ऊन त्यांना मारते, काही गाळाबरोबर तळाशी बसतात, काहींना पाण्यातले दुसरे सूक्ष्म जीव खाऊन टाकतात. उजनीसारख्या विस्तीर्ण साठ्यात पाणी पुष्कळ काळ थांबते, तिथे वरून आलेले बहुतेक जंतू उरत नाहीत. मैल्यातले खत मात्र मरत नाही. ते उरते, म्हणून तिथे हिरवे शेवाळ माजते नि जलपर्णी पसरते. पण आजोबांच्या काळी वरच्या अंगाला चार घरांची वाडी होती, आज लाखो लोकांचे शहर आहे. नदीची पचनशक्ती तीच राहिली आणि ताटातले वाढतच गेले. शहराच्या लगत खाली जे गाव आहे, त्याला हे पाणी पचायच्या आधीच मिळते. तेव्हा पाणी काळे नसेल, वासही कमी झाला असेल, काठावर बगळे उभे असतील. तरीही पायाचे ठसे त्यात असतात.

हे पाणी आपल्या तोंडापर्यंत कोणकोणत्या वाटांनी येते, ते आता पाहू.

शहरात आणि मोठ्या गावांत नळाला दिवसाचे दोन-चार तासच पाणी येते. पाणी चालू असते तेव्हा नळात जोर असतो; एखादी भेग असेल तर पाणी आतून बाहेर गळते. पाणी बंद झाले की नळ रिकामा होतो, आणि उलट बाहेरचे पाणी आत खेचले जाते. तो नळ ओढा ओलांडून जात असेल किंवा गटाराच्या शेजारून, तर काय आत जाईल, हे सांगायला नको. सकाळी पहिले दोन-चार हंडे गढूळ येतात, ते केवळ मातीमुळे, असे समजू नका. ते पिण्यासाठी भरूच नयेत.

नळाच्याही अलीकडे, जिथे नदीतून पाणी उचलतात तिथेच ओढा घुसला तर काय होते, याचे एक मोठे उदाहरण आपल्या देशात आहे. दिल्लीत नजफगढ नाला म्हणून आहे. मुळात ती साहिबी नावाची नदी, राजस्थानातून येणारी. दिल्लीत तिचा नाला झाला. वजीराबादला जिथे यमुनेतून शहरासाठी पाणी उचलत, त्याच्या जरा खाली हा नाला यमुनेला मिळतो. खाली मिळतो, म्हणजे एरवी चिंता नाही. पण १९५५ च्या पावसाळ्यानंतर यमुनेचे पात्र सरकले, पाणी ओसरले, आणि नाल्याचे पाणी उलटे फिरून उपशाच्या जागेपर्यंत आले. जलकेंद्रातल्या लोकांच्या ते लक्षात आले. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवले. त्याचा गुण असा आला की, विषमज्वर आणि हगवण वाढली नाही. पण डिसेंबरापासून शहरात काविळीची साथ सुरू झाली आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. गरोदर बायांना तिने फार छळले, पुष्कळ दगावल्या. काविळीचा हा रोगाणू जंतूपेक्षाही लहान, विषाणू जातीचा. आज त्याला ‘हेपटायटिस ई’ म्हणतात, आणि ही ओळख पटायला पुढे कित्येक वर्षे गेली. गढूळ पाण्यात क्लोरीनला दाद न देता तो निसटला होता. म्हणून क्लोरीन घातले म्हणजे काम संपले, असे नाही. गढूळपणा आधी काढावा लागतो, आणि नाल्याला नळापासून दूर ठेवावे लागते ते तर सगळ्यांच्या आधी.

दुसरी वाट विहिरीची. नदीकाठच्या विहिरीचे पाणी मातीतून गाळून येते म्हणून शुद्ध, असा आपला समज. जिथे काठाला जाड वाळू आहे, तिथे तो बऱ्याच अंशी खरा ठरतो. पण आपल्या दख्खनच्या पठारावर खाली काळा पाषाण आहे. वर हातभर माती, मग मुरूम, मग भेगाळलेला खडक. विहीर भरते ती या मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून. भेग काही गाळणी नव्हे, भेग म्हणजे नळच. ओढ्याचे पाणी मातीतून झिरपायला महिना घेईल, पण भेग सापडली तर एका पावसात विहिरीत पोहोचेल. म्हणून पहिल्या मोठ्या पावसानंतर जुलाबाचे रोगी वाढतात, हे तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा. गावचा स्वतःचा ओढाही यात येतो. वस्तीचे सांडपाणी ज्यात जाते, त्या ओढ्याच्या काठावर पाणीपुरवठ्याची विहीर असलेली गावे काही थोडी नाहीत.

अशा वेळी शहर आणि गाव यांच्या सीमेवरचे लोक फार अडचणीत असतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत एका विचित्र आजाराचे रोगी एकदम वाढले. हातापायांतली शक्ती जाते, चालता येत नाही, कुणाकुणाला श्वासासाठी यंत्र लावावे लागते. गिया-बारे या नावाने डॉक्टर त्याला ओळखतात. रोगी दोनशेच्या आसपास गेले, काही दगावले. हा आजार प्रत्यक्ष जंतू करत नाही. आधी जुलाब होतात, आणि मग शरीराची जंतूंशी लढणारी फौज गोंधळून आपल्याच नसांवर चालून जाते. रोग्यांच्या काही नमुन्यांत कँपिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला, जो दूषित पाण्यातून किंवा कच्च्या राहिलेल्या मांसातून येतो. ही गावे कालपरवापर्यंत ग्रामपंचायतीची होती आणि अलीकडच्या काही वर्षांत महापालिकेत आली. घरे शहराची झाली, माणसे शहराएवढी झाली, पण पाण्याची व्यवस्था गावाचीच राहिली होती. तुमचेही गाव शहराच्या वाटेवर असेल, तर इमारतींच्या आधी पाण्याचा विचार ग्रामसभेत काढा.

तिसरी वाट भाजीची. नाल्याच्या पाण्यात खत असते, पीक जोमदार येते, म्हणून शेतकऱ्याला ते पाणी हवेसे वाटते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण उन्हाळ्यात त्याला दुसरे पाणी असतेच कुठे? पण कोथिंबीर, मुळा, काकडी, कांद्याची पात ही कच्ची खाल्ली जातात. कच्च्या खाण्याच्या भाजीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली १०० मिलिलिटरला हजार जंतूंची मर्यादा सांगितली होती. नाल्याचे पाणी त्याच्या हजारोपट असू शकते. मग करायचे काय? अशा पाण्यावर शिजवून खायची, किंवा ऊस-चाऱ्यासारखी पिके घ्यावीत. पाणी पानांवर न फवारता सरीतून मुळाशी द्यावे. काढणीच्या आधी काही दिवस ते पाणी बंद ठेवावे, म्हणजे पानावरचे जंतू उन्हाने मरतात. आणि कृपा करून, भाजी बाजारात नेण्यापूर्वी त्याच कालव्यात नि ओढ्यात बुचकळू नये. आठ दिवस उन्हाने जे काम केले, ते त्या एका बुचकळण्याने वाया जाते.

चौथी वाट तोंडाची नाहीच, ती पायाची. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीचे पाणी वस्त्यांत शिरले. पूर ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिस या तापाची साथ आली. याचा जंतू उंदराच्या लघवीतून पाण्यात उतरतो आणि माणसाच्या पायाच्या भेगेतून, खरचटलेल्या जागेतून आत शिरतो. हा रोग शहराचाच आहे असे नव्हे. कोकणातल्या भातखाचरांत गुडघाभर चिखलात लावणी करणाऱ्यांनाही तो होतो. आंबील ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री जो पूर आला, त्यात घरे नि गाड्या वाहून गेल्या, माणसे गेली. त्या वेळी बातमी पुराची झाली. पण पूर उतरल्यावर घरात राहिलेला चिखल ही दुसरी आपत्ती असते, आणि ती अनवाणी पायाने उपसू नये. ताप आला, अंग आणि पोटऱ्या फार दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर “मी साचलेल्या पाण्यात उतरलो होतो” हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. लवकर कळले तर औषधाने हा ताप बरा होतो.

औषधावरून आठवले. मुठेच्या तळाच्या गाळावर केलेले एक संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झाले. शहरात शिरण्याआधीचा गाळ आणि शहरातला गाळ यांची तुलना केली, तर औषधांना न जुमानण्याचा गुण देणारी जनुके शहरातल्या गाळात कितीतरी पटींनी जास्त निघाली. आपण डॉक्टरला न विचारता दोन गोळ्या घेतो, बरे वाटले की बाकीच्या टाकतो. त्यातून तगलेले जंतू मोरीवाटे ओढ्यात जातात, आणि तिथे एक जंतू दुसऱ्याला तो गुण देऊन टाकतो, शेजारणीने विरजण द्यावे तसा. उद्या त्या पाण्याने विषमज्वर आला तर नेहमीची गोळी लागू पडेलच, असे नाही.

आता गावाने काय करावे? वरचे शहर सुधारेपर्यंत थांबता येत नाही. सार्वजनिक विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकतात, ती जलसुरक्षकाने नीट टाकली की नाही, यावर फार अवलंबून आहे. पोते उघडे राहिले, ओल लागली, तर पावडरीतला क्लोरीन उडून जातो नि उरतो तो चुना. चुना टाकल्याने पाणी शुद्ध होत नाही. पावडर बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळ विहिरीत सोडावी आणि बादलीने पाणी ढवळावे. निदान अर्धा तास उपसा करू नये. मग ओ.टी. चाचणी घ्यावी. दोन थेंबांनी पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे. म्हाताऱ्या माणसांना विहिरीत टाकायचे ते ‘लाल औषध’ आठवत असेल. त्याचा रंग दिसे म्हणून विश्वास बसे. क्लोरीनचा वास येतो म्हणून लोक कुरकुर करतात. करू द्या, तो वास चांगला आहे. आरोग्य खाते ग्रामपंचायतीला पाण्याच्या व्यवस्थेवरून लाल, पिवळे, हिरवे कार्ड देते. तुमच्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे, हे किती जणांनी विचारले आहे?

घरात खात्रीचा उपाय एकच, खळखळून उकळणे. उकळी फुटल्यावर मिनिटभर ठेवले तरी पुरे. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. फडक्याने गाळून जंतू जात नाहीत, हेही खरे. पण आमच्या बायकांच्या गाळण्याला हसू नये. बांगलादेशात जुनी सुती साडी चार पदरी करून पाणी गाळायला लावले, तर पटकीचे रोगी सुमारे निम्म्याने कमी झाले, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. पटकीचा जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून असतो, आणि किडे साडीत अडकतात. निम्मे म्हणजे पुष्कळच. मात्र विषमज्वराला हा उपाय लागू नाही.

शिक्षकबंधूंसाठी आणि भगिनींसाठी एक काम सुचवून थांबतो. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतले मांजा आणि त्यांचे सहकारी यांनी १९८२ साली एक सोपी बाटली जगापुढे ठेवली. बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण घट्ट लावायचे, आणि एक-दोन दिवस उबदार जागी ठेवायची. पाणी काळे झाले तर विष्ठेच्या दूषितपणाचा संशय पक्का. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची योजना आहे. त्या तुमच्या गावात कोण, हे शोधून त्यांना शाळेत बोलवा. शाळेची टाकी, सार्वजनिक विहीर, हातपंप आणि ओढा, अशा चार बाटल्या खिडकीत शेजारी शेजारी ठेवा. एकदा पावसाळ्याच्या आधी आणि एकदा पहिला मोठा पाऊस झाल्यावर. ओढ्याची बाटली काळी होईल, हे मुलांना आधीच ठाऊक असते. स्वच्छ दिसणारी दुसरी एखादी काळी झाली, की वर्गात जी शांतता पसरते ती पाहण्यासारखी असते. मात्र एकदा काळी झाली नाही म्हणून पाण्याला कायमचे प्रमाणपत्र देऊ नका, आणि काळी झाली तर तो नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवा. कधी कधी मातीतले दुसरे जंतूही पाणी काळे करतात.

आणि काळी झालेली बाटली मुलांच्या हाती देऊ नये. तिच्यात जंतू लाखोंनी वाढलेले असतात. शिक्षकांनी स्वतः तिच्यात टी.सी.एल.ची निवळ ओतून दिवसभर ठेवावी, मग पाणवठ्यापासून दूर खड्ड्यात रिकामी करावी, आणि साबणाने हात धुवावेत.